गुळाला पाणी, चहाला फूट, सातबाऱ्याला आणे : घरातले अडलेले प्रश्न

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ९:२०

घरात साठलेले प्रश्न एकदमच टाकतो. ज्याला जे ठाऊक त्यानं ते सांगावं, अंदाजपंचे नको.

एक, उन्हाळ्यात घेतलेला ५ किलोचा गुळाचा रवा (ढेप) आता खालून पाझरतोय आणि रंगही काळपट झालाय. टाकायचा का?
दोन, त्याच गुळाचा चहा केला की दूध फुटतं. साखरेनं फुटत नाही.
तीन, पोरगी आठवीत आहे, शाळेत प्रकल्प दिलाय. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो, वर्षातून दोनदाच का, आणि दरवर्षी त्याच तारखांना कसा?
चार, जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढं "०-५-४" लिहिलंय. क्षेत्र आहे का वाटा? गटाचं एकूण क्षेत्र १.२१.०० आहे.

---

उसाचं टिपरू | सकाळी १०:०५

गूळ टाकू नका. खराब झालेला नाही, हवेतलं पाणी प्यालाय.

उसाच्या रसातली मुख्य साखर आंबटपणा आणि उष्णता मिळाली की फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. यातलं फ्रुक्टोज हवेतलं बाष्प जोरात ओढतं. रस मुळात थोडा आंबटच, सामू (पीएच) साधारण ५.२ ते ५.४. म्हणून गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो. त्यानं आंबटपणा मरतो आणि मळी वर येते. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात तोही मळी धरायलाच. चुना कमी पडला तर साखर जास्त फुटते, गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात रडतो. चुना जास्त झाला तर गूळ टणक होतो खरा, पण काळा पडतो आणि चवीला खारट-तुरट लागतो. तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस किंवा न पिकलेला ऊस गाळला तरी तीच रड. रसातली साखर काहिलीत जाण्याआधीच फुटायला लागलेली असते.

चुलवाणावरून काहील कधी उतरवायची यावरही बरंच अवलंबून. काकवी १०५-१०६ अंशांना उतरते, गूळ ११८ च्या आसपास. थंड पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का बघतात, ती हीच पारख. दोन अंश आधी उतरवला तर पाणी जास्त राहतं आणि असा रवा जून लागला की पाझरतो.

आता उपाय. रवा फोडून पाव-पाव किलोचे तुकडे करा. ओली बाजू सुरीनं खरवडून वेगळी काढा. कोरडे तुकडे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात भरा. नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद दमट होतो आणि गुळाला चिकटतो. रोजच्या वापराचा तुकडा वेगळ्या बरणीत ठेवा म्हणजे मोठा डबा रोज उघडायला लागत नाही. उन्हात अजिबात ठेवू नका, वितळून आणखी पसरेल.

खरवडलेल्या ओल्या गुळाचा पाक करून ठेवता येतो. १ किलो गुळाला पाव लिटर पाणी, मंद आच, एक उकळी, मग बारीक गाळणीतून गाळा. गार झाल्यावर काचेच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवला तर तीन आठवडे सहज जातो. ओला चमचा मात्र घालू नका. आंबूस वास आला किंवा वर फेस धरला तर तेव्हा टाका.

---

चिपाड | सकाळी १०:३१

टिपरूभाऊ, एक विचारतो. काळा गूळ म्हणजे बिनकेमिकलचा, पिवळाधमक म्हणजे केमिकलचा, असं दुकानदार सांगतात. खरं का?

---

उसाचं टिपरू | सकाळी १०:५२

अर्धं खरं, आणि धंद्याला सोयीचं अर्धं.

पिवळेपणासाठी हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात, हे खरं. त्यानं काळपट रंग उडतो, पण उजळपणा टिकत नाही. पिवळाजर्द रवा काही महिन्यांत डागाळत काळवंडत जातो. तुमचा रवाही तसाच असेल असं लगेच धरू नका. दमटपणानं साधा गूळही गडद होतो.

उलट, काळा म्हणजे शुद्ध हे साफ चूक. चुना जास्त झाला, आच जास्त लागली, काहीलीच्या तळाला करपलं, मळी नीट काढली नाही, ऊस खारवट रानातला असला, की गूळ काळाच होतो. चांगल्या रानातला ताजा ऊस, मळी मनापासून काढलेली, तर काही न घालताही सोनेरी-तांबूस गूळ निघतो. रंगापेक्षा कण बघा. तुकडा मोडला की आत रवाळ दाणा दिसायला हवा. चव खारट लागली तर चुना, सोडा किंवा खारवट रान. हायड्रोस घरच्या घरी ओळखायची खात्रीची युक्ती नाही. पाण्यात विरघळवून तळाशी गाळ बघतात त्यातून माती, चिपाड आणि भेसळीची खडू-पूड कळते, हायड्रोस कळत नाही.

---

अळणी पाणी | सकाळी ११:१५

चहाचं मी सांगते. दूध ताजं असताना त्याचा सामू ६.६-६.७ असतो. खोलीच्या तापमानाला दुधातलं केसिन ४.६ च्या आसपास आल्यावर फुटतं, पण उकळत्या दुधाला तेवढं आंबट व्हावं लागत नाही, थोडासा ढकलाही पुरतो. गूळ किंचित आंबट, शिवाय त्यात क्षार. त्यातून दूध सकाळचं आणि चहा संध्याकाळचा असेल तर दूध स्वतःच काठावर उभं असतं.

क्रम बदला. पाणी, पत्ती, आलं उकळा, दूध घालून एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबा. मग किसलेला गूळ घाला आणि झाकून ठेवा. गूळ घातल्यावर परत गॅसवर ठेवायचा नाही. सगळी चूक इथंच होते, गार झाला म्हणून पुन्हा उकळी आणतात.

खिरीला किंवा शेवयांना वर टिपरूंनी सांगितलेला पाक गार करून, खीर कोमट झाल्यावर घालावा. गूळ आंबटच असेल तर पाव किलोच्या पाकात दोन बोटांच्या चिमटीएवढा खायचा सोडा. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

---

नवी आई | सकाळी ११:४०

याच्यातच विचारते, बाळ सात महिन्यांचं आहे. नाचणीच्या सत्त्वात काकवी घातली तर चालेल का? सासूबाई मध म्हणतात.

---

अळणी पाणी | सकाळी ११:४८

मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटभरही नको, चाटवायलाही नको. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, त्याला बोटुलिझम म्हणतात. उकळूनही बीजाणू मरत नाहीत. काकवीला लोह आहे वगैरे ठीक, पण ती साखरच. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ न घालणं चांगलं. सत्त्वात पिकलेलं केळं कुस्करून घाल, गोडी येते. सासूबाईंना "डॉक्टर नको म्हणाले" एवढंच सांग, आणि डॉक्टरांनाही खरंच विचार म्हणजे खोटं ठरत नाही.

---

सांज सहा | दुपारी १२:३०

किरणोत्सवाच्या प्रश्नात भूगोल आणि त्रिकोणमिती दोन्ही आहेत. पोरीला आवडेल.

अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. पण सूर्य अगदी पश्चिमेला वर्षातून दोनच दिवस मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना. २१ जूनला तो कोल्हापुरातून उत्तरेकडे सुमारे २४.५ अंश सरकून मावळतो, २१-२२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे मावळतीची जागा क्षितिजावर घड्याळाच्या लंबकासारखी वर्षभर झुलते. मधल्या कोणत्याही एका ठिकाणावरून तो दोनदा जाणार, एकदा जाताना, एकदा येताना. किरणोत्सवाच्या तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. जाणं-येणं बरोबर जुळतं.

हिशेबही करता येतो. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, दक्षिणेकडे सुमारे १७ अंश. क्रांतीची ज्या (साइन) भागिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन) : ०.२९४ ÷ ०.९५८ = ०.३०७. एवढी ज्या असलेला कोन जवळपास १८ अंश. म्हणजे त्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेपासून १८ अंश दक्षिणेला टेकतो. महाद्वार, गरुड मंडप आणि गाभारा यांतून मोकळी जाणारी वाट त्या दिशेच्या मावळत्या किरणांना सापडते.

रोजचा फरक किती? या दिवसांत मावळतीची जागा रोज साधारण ०.३ अंश सरकते. सूर्यबिंब स्वतः अर्ध्या अंशाचं. १०० मीटर लांबच्या चौकटीतून येणारा कवडसा ०.३ अंशानं अर्धा मीटर बाजूला सरकतो. आधी-नंतरच्या दिवसांत किरण भिंतीला का लागतात हे या अर्ध्या मीटरवरून कळतं.

आणि तारखा त्याच का? कारण इंग्रजी कॅलेंडर सूर्यावर बेतलेलं आहे. तिथीवर धरलं असतं तर चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, दरवर्षी ११ दिवस मागं सरकलं असतं आणि अधिक महिना आला की पुढं उडी. किरणांना तिथी कळत नाही.

---

पंचगंगाकाठ | दुपारी १:०५

पण मग चरण, छाती, मुख असं वर वर जातं ते कशानं? सूर्य तर खाली जातोय.

---

सांज सहा | दुपारी १:२४

सूर्य खाली जातोय म्हणूनच कवडसा वर चढतो. खिडकीतून उतरतं ऊन आधी फरशीवर पडतं, सूर्य कलला की समोरच्या भिंतीवर चढतं. तेच. किरण जितके आडवे होतील तितकी त्यांची टोकं वर.

वेगही काढा. मावळतीला आपल्याकडे सूर्य सुमारे साडेचार मिनिटांत एक अंश उतरतो. चौकट ५० मीटर लांब धरली, ही उदाहरणासाठी, देवळाचं माप नव्हे, तर एका अंशाला कवडसा जवळजवळ ८७ सेंटिमीटर चढेल. म्हणजे सगळा खेळ काही मिनिटांचा. त्याच मिनिटांत पश्चिमेला ढग, धुकं किंवा धूळ असली, वाटेत नवं बांधकाम आडवं आलं, की किरण फिकट होतात किंवा अर्ध्यावर थांबतात. क्षितिजालगतचा सूर्य आधीच कमजोर, त्यामुळे थोडासा धुरकटपणाही पुरतो.

प्रकल्पाला एक भारी प्रश्न देतो. १० नोव्हेंबरला कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि १ फेब्रुवारीला साडेसहाच्या सुमारास. दिशा तीच, दिवसाची लांबीही तीच, मग अर्धा तास कुठून आला?

---

चिपाड | दुपारी १:५०

आता हे रात्रभर डोक्यात फिरणार. सांगून टाका.

---

सांज सहा | दुपारी २:१०

पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि आस कललेली, त्यामुळे सूर्याचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला १३-१४ मिनिटं मागं. दोन्ही मिळून अर्धा तास. शिवाय आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणून वर्षभर ३३ मिनिटांचा उशीर आहेच. कोल्हापुरात घड्याळात बारा वाजता सूर्य कधीच डोक्यावर नसतो, तो याच्यामुळं.

करायचं असं : पश्चिमेची एक खिडकी निवडा. ऑक्टोबरपासून दर रविवारी, सूर्यास्ताच्या बरोबर १५ मिनिटं आधी, गजाची सावली समोरच्या भिंतीवर जिथं पडते तिथं पेन्सिलनं खूण आणि तारीख. वेळ घड्याळाची ठरावीक धरू नका, त्या दिवसाच्या सूर्यास्तावरून मोजा. इथं बरेच प्रकल्प गंडतात. डिसेंबर अखेरीला खुणा दाटीवाटीनं येतील, मग उलट्या फिरतील आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नोव्हेंबरच्या खुणेवर बसतील. दिशा होकायंत्रानं घेणार असाल तर लोखंडी ग्रिलपासून लांब उभं राहून घ्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावलीच मोजायची.

---

मोजणी टेबल | दुपारी ३:१५

चौथा प्रश्न. घाईनं उत्तर देण्यासारखा नाही, आधी रकाना बघा.

"०-५-४" हे खातेदाराच्या नावापुढं असेल तर तो वाटा : शून्य रुपये, ५ आणे, ४ पै. "आकार" या शब्दापुढं असेल तर तो शेतसारा, तोही रुपये-आणे-पै मध्येच लिहीत. क्षेत्राच्या रकान्यात असेल तर जुनं माप, एकर-गुंठे-आणे. तीन ठिकाणी तीन अर्थ. आकाराला वाटा समजून भावकीत भांडणं लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नावापुढं आहे असं धरतो. अख्खी जमीन म्हणजे १ रुपया. १ रुपया १६ आणे, १ आणा १२ पै, म्हणजे १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६०+४ = ६४ पै. १९२ मधले ६४, बरोबर एक तृतीयांश. तीन भाऊ असणार. १ एप्रिल १९५७ ला नाणी दशमान झाली, पण नोंदीतले आणे-पै तसेच उतरत आले.

ठोकळे लक्षात ठेवा : ८ आणे निम्मा, ५ आणे ४ पै तिसरा हिस्सा, ४ आणे चौथा, २ आणे ८ पै सहावा, १ आणा ४ पै बारावा. पाचव्या हिश्श्याला पै अपुरी पडते, ३८.४ येतात. मग कुठं ३-२ तर कुठं ३-३ लिहून बेरीज १६ आणे जुळवलेली दिसते. नावांपुढच्या सगळ्यांची बेरीज एकदा मारून बघाच. १५-११ आली तर कुणाचा वाटा खाल्लेला नाही, अपूर्णांक गिळलेला आहे. १२ आणे आली तर मात्र एखादं नाव उतरायचं राहिलंय, तिथं जुना फेरफार (हक्कबदलाची नोंद) काढा.

एक फाटा : "आणेवारी" म्हणजे पिकाचा अंदाज असाही अर्थ आहे, आता त्याला पैसेवारी म्हणतात, ५० पैशांच्या खाली गेली की टंचाई धरतात. त्याचा या वाट्याशी काही संबंध नाही.

क्षेत्र. १.२१.०० म्हणजे १ हेक्टर २१ आर ० चौरस मीटर, १२१ आर. एक आर १०० चौरस मीटर. गुंठा ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा एकच समजू नका. १२१ ÷ १.०११७ = ११९.६ गुंठे, म्हणजे २ एकर ३९.६ गुंठे. आजोबांचा तिसरा हिस्सा ४०.३३ आर, ३९.८७ गुंठे. नवीन पद्धतीनं ०.४०.३३ लिहिलं जाईल. यात पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, किती ते पण बघा, वाट्यात तेही येतं.

---

पंचगंगाकाठ | दुपारी ३:५८

नावापुढंच आहे. आजोबा वारले, मागं आजी नाही, वडील आणि त्यांचे एक भाऊ, एक बहीण. वडीलही वारले, आम्ही दोन भाऊ, एक बहीण, आई. म्हणजे आजोबांच्या तिसऱ्या हिश्श्याचे दोन भाग, वडिलांच्या वाट्याचे परत दोन, असं ना?

---

मोजणी टेबल | दुपारी ४:२०

नाही. दोन्ही ठिकाणी बायका गळाल्या.

आजोबांच्या एक तृतीयांशाचे तीन भाग : वडील, काका, आत्या. प्रत्येकी नववा हिस्सा. २१.३३ पै येतात, म्हणून इथं आणे सोडा आणि अपूर्णांकात चला. १२१ चा नववा भाग १३.४४ आर, १३.२९ गुंठे. वडिलांच्या नवव्या हिश्श्याचे चार भाग : आई, तुम्ही दोघं, बहीण. प्रत्येकी छत्तिसावा. ३.३६ आर, म्हणजे ३ आर ३६ चौरस मीटर, सव्वातीन गुंठ्यांपेक्षा थोडं जास्त.

विधवा आणि मुली हिंदू वारसा कायद्यात प्रथम वर्गाच्या वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलासारखा हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तोंडी "मला नको" याला किंमत नाही. नोंदणीकृत वाटप २० डिसेंबर २००४ च्या आधी झालं असेल, मृत्युपत्र असेल किंवा वारलेल्याची आई मागं राहिली असेल तर वरचा हिशेब बदलतो. तेव्हा वकिलाला कागद दाखवा.

पुढचा क्रम : मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-नाती असलेलं प्रतिज्ञापत्र, ८अ आणि चालू सातबारा. फेरफाराची नोंद गाव नमुना ६ ला धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. आधी आजोबांची नोंद, मग वडिलांची. दोन पिढ्यांची उडी एकदम मारायला गेला की अर्ज परत येतो. नोंद म्हणजे वाटप नव्हे हेही ध्यानात ठेवा. नावं एकत्र लागतात, बांध पडत नाही. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो.

---

वादी दोरा | संध्याकाळी ५:३०

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर चपलेचंही विचारून टाका कुणीतरी. पांढरी बुरशी आली म्हणून लोक कोल्हापुरी चप्पल साबणानं धुतात, म्हणून न विचारताच सांगतो.

हे कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं असतं. पाण्यात भिजलं की ते टॅनिन बाहेर येतं, कातडं वाळताना ताठ होऊन चिरतं. तळ शिवलाय तो चामड्याच्या वादीनं, खिळ्यानं नव्हे. कडक उन्हात ठेवलं की वादी आखडते आणि तळाचे थर सुटतात. चप्पल भिजलीच तर वर्तमानपत्राचे बोळे आत-खाली लावून सावलीत ठेवा, दर दोन-तीन तासांनी कागद बदला. पंखा चालेल, हेअर ड्रायर नको.

बुरशीला कोरडा मऊ ब्रश, घराबाहेर. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, फडकं पिळून एकदाच पुसायचं. एक दिवस सावलीत. नंतर एरंडेल, जोडीला अर्धा चमचा, फडक्यानं पातळ. रंग थोडा गडद होणारच, आधी तळाच्या कडेला लावून बघा. पिशवी कापडी, प्लास्टिकची नको.

---

चिपाड | संध्याकाळी ५:४५

आमच्याकडे खोबरेल लावतात. चालतं की.

---

वादी दोरा | संध्याकाळी ६:०२

चालतं, पण थंडीत गोठून शिवणीत पांढरं बसतं आणि लोकांना तीच बुरशी वाटते. अंगठा चावत असेल तर अंगठ्याच्या आतल्या बाजूला खोबरेल लावा, तिथं हरकत नाही. पहिले चार दिवस अर्धा-अर्धा तासच घालायची. मोटारसायकलला घालून गिअर मारला तर नवी चप्पलही आठवड्यात जुनी.

---

भट्टीवाला | रात्री ८:१०

ह्यात माझी भर. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तव्याला डोसा चिकटतोय म्हणून कारखान्यावर येऊन विचारणारे लई जण हायेत.

भावा, तव्याला तेल लावून ठेवायचं न्हाई, लावून पुसायचं. नवा तवा आधी गरम पाणी, साबण, काथ्यानं घासून त्यावरचं काळं काढ. गॅसवर पूर्ण कोरडा कर. मग जवसाचं नायतर सोयाबीनचं तेल, अर्धा चमचा सगळ्या तव्याला, आणि कोरड्या फडक्यानं असं पूस की तेल लावलंच न्हाई असं वाटंल. मध्यम आचेवर धूर येऊन थांबंपर्यंत, १०-१५ मिनिटं, खिडकी उघडून. गार होऊ दे. असं पाच वेळा. तेल तापून त्याचा पापुद्रा लोखंडाला घट्ट बसतो. तेल जास्त झालं की पापुद्रा नीट बसत न्हाई, चिकट राळ होते, आणि मग डोसा त्या राळंला चिकटतो, तव्याला न्हाई.

बीड म्हंजे कार्बन अडीच ते चार टक्के, त्यातला बराच ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या होऊन आत बसलेला. उष्णता धरतो झकास, पण त्या पाकळ्यांमुळं ठिसूळ. तापल्या तव्यावर गार पाणी मारलं की तडा. टोमॅटो, चिंच, आमसूल त्यात शिजवू नका, थर खाऊन जातंय. विकत घेताना बोटाच्या गाठीनं वाजवून बघा. ठण्ण वाजला तर घ्या, भद्द वाजला तर कुठंतरी चीर हाय.

---

अळणी पाणी | रात्री ८:४०

आणि पांढरा रस्सा बिडाच्या कढईत नको, करडा होतो. नारळाचं दूध शेवटी, आच बारीक, मीठ आधीच अळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात). वाफ दिसली की बंद. खदखदवला की नारळाच्या दुधातलं प्रथिन गोठतं आणि तेल वर तरंगतं. काजू-खसखस-तिळाचं वाटण एकजीव असेल तर ते तेल धरून ठेवतं, एक लिटर अळणीला १०-१२ काजू आणि दोन-दोन चमचे खसखस-तीळ पुरेत. झाकण ठेवायचं नाही, झाकणाखाली नकळत उकळी येते.

---

पंचगंगाकाठ | रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. टेबलसाहेब, सातबारा परत बघितला. चार नावं आहेत : ५-४, ५-४, २-८, २-८. बेरीज १६ आणे जुळते. म्हणजे तिसऱ्या भावाचे दोन वारस आधीच लागलेत. आमच्या आजोबांच्या नावाशेजारी गोलात एक आकडा आहे, तो काय?

---

मोजणी टेबल | रात्री ९:३२

तो फेरफार क्रमांक. त्याच फेरफारानं आजोबांचं नाव लागलं. गाव नमुना ६ मध्ये तो आकडा देऊन नक्कल मागा. त्यात पणजोबा कधी वारले आणि तेव्हा वारस म्हणून कुणाकुणाची नावं दिली होती ते मिळेल. पणजोबांना मुली होत्या का, तेवढं त्यात आधी वाचा. मग मला १/३ परत विचारा.